एमजीबीला टेलिस्कोपिक टाकायचे की नाही?

गेले काही महिने घरात, गॅरेजमध्ये नि व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा एकच विषय चालू आहे, आमच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीला, एमजीबीला, टेलिस्कोपिक शॉकअप (हल्लीच्या गाड्यांत असतात तसे, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे) टाकायचे की जे जुने लीव्हरवाले आहेत तेच ठीकठाक करून वापरायचे. ज्यांना या गाड्यांचं वेड नाही त्यांना हे ऐकून हसू येईल, माझ्या बायकोला येतंच, पण ज्यांना आहे त्यांना माहितीय की यावरून चांगली चांगली माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात. म्हटलं एकदाचं सगळं लिहून काढू, माझं डोकं साफ होईल आणि उद्या अजून कुणी असल्याच गाडीच्या खाली पुठ्ठा टाकून आडवा झाला असेल तर त्याच्या कामी येईल.

गाडी म्हणजे १९६९ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, क्रोम बंपरवाली, मामेभाऊ आणि मी अर्ध्या-अर्ध्यात घेतलेली. एमजीबी आली १९६२ ला, इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत राहिली, पाच लाखांच्या वर निघाल्या, म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नाही, जगात पार्ट मिळतात. इंजिन १७९८ सीसीचं बी-सिरीज, आपल्या अँबॅसेडरमध्ये जे १४८९ सीसीचं होतं ना त्याच घराण्यातलं, त्यामुळे इंजिनाचं टेन्शन आम्ही कधी घेतलंच नाही, मुंबईत आजही असे मिस्त्री आहेत ज्यांनी अँबॅसेडरची इतकी हेडं उतरवलीत की ते एमजीबीचं बॉनेट उघडलं की हसतात. प्रश्न खालचा आहे. खाली अँबॅसेडर कामाला येत नाही.

आता खाली काय आहे ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. मागे सरळ अखंड अ‍ॅक्सल, त्याला दोन बाजूंना कमानी, म्हणजे पाटे, आणि लीव्हरवाले शॉकअप. पुढे प्रत्येक चाकाला खाली विशबोन (इंग्रजी व्ही आकाराचा लोखंडी हात), त्यावर कॉइल स्प्रिंग, उभा किंगपिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती खीळ), आणि किंगपिनला वरून धरणारा जो हात आहे तो वेगळा पार्टच नाही, तो शॉकअपचाच हात आहे. परत वाचा हे. साध्या गाडीत शॉकअप खराब झाला तर गाडी उसळते, बस. इथे शॉकअपचा शाफ्ट घासला तर चाकाचा वरचा आधारच ढिला होतो, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, हलतं, ब्रेक मारला की स्टिअरिंग कुठेतरी भलतीकडे ओढ घेतं, आणि माणूस अलाइनमेंटवाल्याकडे पैसे घालत बसतो.

हा लीव्हर शॉकअप म्हणजे आतून अगदी साधा आहे. एक ओतीव डबा, त्यात तेल, दोन पिस्टन, त्यांना हलवणारा आडवा शाफ्ट, शाफ्टला बाहेर हात. चाक वर गेलं की हात फिरतो, पिस्टन तेल ढकलतो, तेल बारीक व्हॉल्व्हमधून जाताना अडतं. त्या अडण्यालाच डॅम्पिंग म्हणायचं. डब्यात तेल मुळातच थोडं, त्यामुळे सलग बडवलं की ते गरम होऊन पातळ होतं नि शॉकअपचा जोर जातो, शिवाय शाफ्टचं सील म्हातारं झालं की तेल हळूहळू बाहेर. टेलिस्कोपिकमध्ये तेल जास्त, पिस्टनचा स्ट्रोक लांब, त्यामुळे ते जास्त वेळ एकसारखं काम करतं. हे खरं आहे, यात वाद नाही. वाद हा आहे की माझ्या गाडीचा आजार तोच आहे का.

पुढची ही मांडणी काढली अ‍ॅलेक इसिगोनिस आणि जॅक डॅनियल्स या जोडीने. इसिगोनिस म्हणजे तोच ज्याने पुढे मिनी काढली, आणि जॅक डॅनियल्स म्हणजे खरोखर त्या नावाचा इंजिनीअर, बाटली नव्हे, गॅरेजमध्ये हे सांगितलं की दरवेळी हशा पिकतो. १९४७ च्या एमजी वाय टाइपवर ती पहिल्यांदा बाजारात आली, तिथून टीडी, टीएफ, एमजीए अशा एमजीच्याच पुढच्या गाड्या करत करत आमच्या बीपर्यंत, म्हणजे एमजीबीपर्यंत, पोचली. म्हणजे १९६२ लाच ही चीज नवी नव्हती! पण त्याच लीव्हरवाल्या गाडीने १९६३ ला फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पूर्ण केली, बारावी आली, तेही सुरुवातीलाच एका ड्रायव्हरने मुलसानच्या वळणावर ती वाळूत घातली होती आणि त्याला ती उकरून बाहेर काढायला ८५ मिनिटं लागली होती. तेव्हा "लीव्हरवाला शॉकअप म्हणजे कचरा" असं कुणी म्हटलं की मी हा किस्सा सांगतो. मामेभाऊ म्हणतो ल मान्सला अंधेरी-कुर्ला रोड नव्हता. मुद्दा बरोबर आहे त्याचा.

आता आमच्या गाडीला होत काय होतं? पार्ल्याहून रविवारी पहाटे निघालं, हायवे, सी लिंक, तिथून कोस्टल रोडने थेट मरीन ड्राइव्ह, हा आमचा ठरलेला रूट, कारण मुंबईत या गाडीला मोकळेपणाने पळवता येईल असा दुसरा रस्ता राहिलेलाच नाही. कोस्टल रोडचा तो पहिला भाग मार्च २०२४ ला उघडला तेव्हापासून माझं तर आयुष्य बदललं, सरळ भागात ८० ची मर्यादा, बोगद्यात ६०, दोन किलोमीटरचा बोगदा आणि वर छप्पर नसलेली गाडी, त्या आवाजासाठी मी पेट्रोलचे पैसे आनंदाने देतो. पण पुलांवरचे ते जॉइंट आले की मागचं टोक एकदा खाली जातं, मग वर येतं, मग परत खाली, मग अजून थोडं. गुळगुळीत काँक्रीटवर ठीक, पण वळणावर जॉइंट आला की मागची चाकं बाजूला अर्धं पाऊल टाकतात. पोटात गोळा येतो. त्यात भर म्हणजे पुढून उजवीकडून खटखट, आणि सोसायटीच्या गेटवरच्या ब्रेकरवर मागे धाडकन अ‍ॅक्सल वरच्या रबराला आपटतो.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर उत्तर एका मिनिटात. टेलिस्कोपिक टाक. अजून एक, टेलिस्कोपिक टाक. तिसरा म्हणाला टेलिस्कोपिक टाक, स्प्रिंग कडक टाक, इंचभर खाली बसव, सगळीकडे पॉलीयुरेथेन बुश (सांध्यांतल्या रबराच्या जागी कडक प्लॅस्टिकचे) टाक, गाडी ओळखू येणार नाही. ओळखू येणार नाही हे मला पटलं.

ठाण्याच्या एका मित्राने नेमकं हेच सगळं केलंय त्याच्या बीला, त्याची गाडी मी घोडबंदर रोडवर चालवून पाहिली. खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मी विकला गेलो होतो. स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळते, मधे विचार करत नाही, झुकणं जवळपास नाही, ब्रेक मारला की नाक खाली जात नाही. मग पुढे मेट्रोच्या कामाचा पट्टा आला, पेव्हर ब्लॉक, त्यावर लोखंडी प्लेट, मग रस्त्यापेक्षा खाली बसलेली मॅनहोलची झाकणं, आणि तिथे गाडीने मला उचलून आपटलं. डॅशबोर्डचा प्रत्येक स्क्रू वेगळा ऐकू येत होता. सगळ्यात वाईट म्हणजे चाकं रस्त्यावर टिकतच नव्हती, उडत होती, आणि उडालेलं चाक ना वळतं ना ब्रेक लागतं. लोक "कडक म्हणजे स्पोर्टी" म्हणतात ते गुळगुळीत ट्रॅकवर ठीक आहे. खराब रस्त्यावर चाकाला वर-खाली जायला जागा लागते, ती जागा तुम्ही गाडी खाली बसवून नि स्प्रिंग कडक करून काढून घेतली की उरतं काय?

बसवण्यावरून आठवलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात साध्या गोल ब्रेकरचं माप दिलेलं आहे, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच. १० सेंटीमीटर म्हणजे चार इंच, आणि एमजीबीचा सायलेन्सर रस्त्यापासून साधारण पाच इंचांच्या आतबाहेर. म्हणजे नियमातला ब्रेकर असेल तर गाडी आरामात जाते, रुंद असल्यामुळे चाकं हळूच चढतात. पण आमच्या लेनमधले ब्रेकर नियमाने बनवलेले नाहीत, ते कुणीतरी रात्री उरलेलं डांबर ओतून केलेत, एक फूट रुंद आणि उंची मनाला येईल तेवढी. तिथे इंचभर खाली बसवलेली गाडी म्हणजे दर महिन्याला सायलेन्सर वेल्डिंगवाल्याकडे.

तर मग गाडी नेली लालबागला आमच्या मिस्त्रीकाकांकडे. काका मूळचे कुडाळचे, सत्तरीच्या पुढचे, हाताखाली दोन पोरं, स्वतः आता खाली वाकत नाहीत पण कान शाबूत. मी टेलिस्कोपिकचं नाव काढलं तर म्हणाले, "आधी सांग, तुका गाडी चलवूची हा की कंबरडा मोडून घेवचा हा?" आणि मग पहिली गोष्ट काय केली असेल तर शॉकअप बघितलाच नाही, टायरची हवा बघितली. पस्तीस.

हा एक वेगळाच विषय आहे आणि यावर मी अर्धा तास बोलू शकतो. एमजीबीच्या मॅन्युअलमध्ये रेडियल टायरला पुढे २१ नि मागे २४ पीएसआय आहे, कारण गाडी हजार किलोच्या आतली. आणि १६५ चा १४ इंची टायर, साइडवॉल चांगली उंच, म्हणजे टायर हासुद्धा सस्पेन्शनचाच भाग धरून गाडी बनवलीय. पण पंपावर गेलात की पोरगा विचारत नाही, मशीन पस्तीसवर सेट असतं, आधीच्या एसयूव्हीचं. चोवीस म्हटलं की तो एकदा माझ्याकडे बघतो, एकदा टायरकडे. "चोवीस? साहेब, पंक्चर आहे का?" मी स्वतः हल्ली २५-२६ ठेवतो, एकदम २१ मला मुंबईच्या खड्ड्यात रिमसाठी भीतीदायक वाटतं, पण पस्तीसवरून पंचवीसवर आल्यावर सी लिंकवरची ती अर्धी उसळी गेली. अर्धी! फुकटात. शिवाय टायरच्या बाजूला तो चार आकडी कोड असतो ना, पहिले दोन आठवडा नि पुढचे दोन वर्ष, तो जरूर वाचा. विंटेज गाड्या कमी चालतात त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते नि रबर आतून लाकूड झालेलं असतं. आमचेही टायर बदलण्याच्या यादीत गेले.

मग गाडी जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं तर उजवीकडचं हललं, आणि हललं ते किंगपिनला नाही, वर शॉकअपच्या शाफ्टला. खालच्या विशबोनचे रबर बुश काढले तर ते हातात चुरा होऊन आले. मागे एका बाजूच्या लीव्हरचा हात सुटा केला, काकांच्या पोराने दोन बोटांनी वर-खाली केला, काही अडणंच नाही, सुळकन वर सुळकन खाली. काका खुर्चीवरूनच म्हणाले, "ह्यो शॉकअप नाय रे, खुळखुळो आसा." वरचा प्लग उघडला तर आत तेलाचा वास फक्त होता. आणि कमानी? क्रोम बंपरवाल्या बीच्या कमानी गाडी जमिनीवर उभी असताना जवळपास सरळ दिसतात हे मला माहीत होतं, पण आमच्या सरळच्या पलीकडे जाऊन उलट्या वाकल्या होत्या. म्हणून तो धाडकन आवाज. अ‍ॅक्सलला वर जायला जागाच उरली नव्हती, कुठलाही शॉकअप टाका, जगातला सगळ्यात महाग टाका, तो तरी काय करणार.

इथे माझं मत बदललं. म्हणजे टेलिस्कोपिक वाईट असं नव्हे. पण ग्रुपवर जो तो सांगतो ना की "किट टाकलं नि गाडी बदलली", त्यातल्या बहुतेकांनी किट, म्हणजे टेलिस्कोपिक शॉकअप नि ते बसवायचे ब्रॅकेट असा संच, टाकताना सोबत नवे बुश टाकलेले असतात, नव्या स्प्रिंगा टाकलेल्या असतात, टायर बदललेले असतात, आणि तुलना कशाशी, तर पन्नास वर्षं सडलेल्या सस्पेन्शनशी. नवीन, पूर्ण तेल भरलेल्या, टाईट लीव्हर शॉकअपवर ही गाडी कशी चालते हे आपल्यापैकी कुणी पाहिलंय? मी तर नाही. मामेभावाने पण नाही. ज्या गोष्टीची चवच घेतली नाही ती नापसंत कशी करायची?

दुसरं, पुढच्या स्वस्त किटांची एक गंमत आहे जी विकणारे मोठ्याने सांगत नाहीत. शॉकअपचा हात हाच वरचा आधार असल्यामुळे या किटमध्ये जुना लीव्हर तिथेच ठेवतात, फक्त त्यातलं डॅम्पिंग बाद करतात, आणि बाजूला ब्रॅकेट लावून टेलिस्कोपिक बसवतात. म्हणजे माझा घासलेला शाफ्ट आहे तिथेच राहणार, तसाच हलणार, वर नवीन शॉकअपचा खर्च. तो शाफ्ट मला कसाही करून दुरुस्त करायचाच आहे, आणि तो दुरुस्त केला, सील टाकलं, तेल भरलं की मग शॉकअपही दुरुस्त झाला! वरचा आधार वेगळा देऊन लीव्हर पूर्ण काढून टाकणारी किटंही आहेत, ती इंजिनीअरिंग म्हणून खरोखर चांगली आहेत, पण किट, कुरियर, कस्टम धरून आकडा लाखाच्या वर जायला लागला तेव्हा मामेभाऊसुद्धा जरा गप्प झाला.

मागचं गणित वेगळं आहे. मागे लीव्हर काहीच धरत नाही, फक्त डॅम्पिंग करतो, अ‍ॅक्सल कमानीवर उभा असतो. तिथे टेलिस्कोपिकचं ब्रॅकेट लीव्हरच्याच मूळ भोकांत बोल्टने बसतं, न पटलं तर तासाभरात काढून जुनं परत. त्यामुळे मागे टाकायला माझा तत्त्वतः विरोध नाही. फक्त कमानीच्या पाट्यांचं एकमेकांवर घासणं हेही थोडं डॅम्पिंग करत असतं, वर कडक टेलिस्कोपिक टाकला की मागचं टोक लाकडी होतं, ठाण्याच्या गाडीत तेच झालंय असा माझा अंदाज. टाकायचाच तर मऊ सेटिंगचा.

ब्रॅकेट बॉडीला वेल्डिंग करून लावायला मात्र नाही म्हणजे नाही. एक तर एमजीबीला चॅसिस नावाची वेगळी गोष्ट नाही, बॉडीच चॅसिस, एमजीएपर्यंत वेगळी फ्रेम होती, बीपासून गेली. जो जोर पूर्वी शॉकअपच्या बोल्टवर यायचा तो तुम्ही पत्र्यात भलत्या जागी नेऊन सोडला, आणि पत्रा मुंबईच्या दमट हवेत पन्नास वर्षं काढलेला, तर काय होईल ते सांगायला नको. दुसरं म्हणजे कागदपत्रं. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम आणले, पन्नास वर्षांच्या वरची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा ५,०००. त्यात अट अशी की मोठी फेरफार झालेली नको, आणि मोठी म्हणजे चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात केलेला बदल. सस्पेन्शनचं नाव त्यात नाही, पण ब्रॅकेट बॉडीला वेल्ड केलंत तर ते बॉडी शेलमध्ये येतं की नाही यावर आरटीओत उभं राहून वाद घालायची माझी तयारी नाही. (त्याच नियमात रोजच्या वापराला बंदी आहे, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स एवढ्यासाठीच गाडी काढायची. त्यामुळे व्हीए घ्यायचा की जुन्या नंबरावर राहायचं हे आमचं अजून ठरायचंय, हॉर्निमन सर्कलच्या रॅलीपुरती गाडी काढायची असेल तर मग मी कोस्टल रोडचं काय करू?)

आता कुणी म्हणेल हा ओरिजनलवाला निघाला. नाही हो. कंपनीने केलं ते सगळं देवाने केलं असं मी मानत नाही. १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या बंपरच्या नियमांसाठी याच कंपनीने याच गाडीला रबरी बंपर लावले नि तिची उंची इंच-दीड इंच वाढवली, मग पैसे वाचवायला पुढचा अँटी-रोल बारसुद्धा (वळणावर गाडीचं झुकणं रोखणारी दांडी) काढून टाकला, गाडी वळणावर इतकी झुकायला लागली की १९७७ च्या मॉडेलला बार परत द्यावा लागला, मागे पण द्यावा लागला. तुमच्याकडे त्या मधल्या काळातली रबर बंपरवाली असेल तर आधी बार लावा, डोळे मिटून लावा, ती सुधारणा कसली, ती भरपाई आहे. आमच्या १९६९ च्या गाडीला पुढे बार आहेच, फक्त त्याचे रबर गेलेले, ते बदलले.

आणि एक सुधारणा मी आनंदाने करतोय. खालच्या विशबोनला साध्या रबराऐवजी व्ही८ चे बुश. १९७३ ते ७६ एमजीबी जीटीचं, म्हणजे बंद टपाच्या एमजीबीचं, व्ही८ मॉडेल निघालं होतं, त्याला कंपनीनेच लोखंडी नळीत चिकटवलेल्या रबराचे बुश दिले होते, ते आपल्या गाडीत सरळ बसतात, जास्त टिकतात, आणि पॉलीयुरेथेनसारखे कुरकुरत नाहीत. पॉली मी दोन गाड्यांत ऐकलंय, पाऊस संपून हवा कोरडी झाली की प्रत्येक ब्रेकरवर जुन्या पलंगाचा आवाज. पण व्ही८ बुशची एक खोड आहे. हा बुश फिरत नाही, पिळला जातो, म्हणून त्याचा नट गाडी चाकांवर उभी असताना, वजन खाली असताना टाईट करायचा. जॅकवर चाक लोंबकळत असताना कसलात तर गाडी खाली येताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. मग म्हणतात नवीन रबरात दम नाही. हे काकांना सांगायला मी घाबरत होतो, पन्नास वर्षं माणूस जॅकवरच कसतोय, पण त्यांनी ऐकून घेतलं नि पोराला म्हणाले ऐक रे, साहेब शिकून इले हत.

मग आता ठरलं काय ते सांगतो. चारही लीव्हर उतरवून कुर्ल्याच्या लेथवाल्याकडे गेलेत, तो शाफ्ट बघून नवीन बुश टर्न करणार, सील मापाचं शोधणार. इंग्लंडात जुना देऊन तयार नवा घ्यायची सोय आहे पण इथून जुने पाठवायचा खर्च बघितलात तर लेथवाला देवमाणूस वाटतो. तेल म्हणून मोटरसायकलच्या फोर्कचं, वीस ग्रेडचं, भरणार, जॅकचं तेल नाही. फोर्कचं हे तेल जॅकच्या तेलापेक्षा थोडं जाड आहे, त्याने किंचित कडकपणा येतो, आणि नाही आवडलं तर काढून पातळ भरायचं, एवढा स्वस्त प्रयोग कुठल्याच किटमध्ये नाही. किंगपिन चांगले निघाले, फक्त ग्रीस सुकलेलं, प्रत्येक बाजूला तीन निपल आणि तिन्हींतून नवीन ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारायचं, तेही चाक उचलून, वजनावर मारलं तर जिथे हवं तिथे जातच नाही. कमानी वडाळ्याला ट्रक टर्मिनलजवळच्या कमानवाल्याकडे सेट करायला. त्याने आमचा पाटा हातात घेऊन विचारलं की हे कशाचं आहे, सायकलचं? त्याला एक गोष्ट परत परत सांगून आलोय, जास्त वाकवू नकोस. ट्रकच्या सवयीने त्याने भरपूर कमान दिली तर मागचं टोक वर जाईल, आणि एवढी खटपट करून माझी गाडी रबर बंपरवाली दिसायला लागेल. सेट केलेली कमान काही वर्षांत परत बसू शकते हे मान्य, तेव्हा नवीन मागवू, लोखंडाचं विमानभाडं आत्ता नको.

मामेभावाचं अजूनही म्हणणं आहे की मागे तरी टेलिस्कोपिक टाकूच, एवढं उघडलंय तर. त्याचं घाटाचं वेड आहे, त्याला जुन्या हायवेने खंडाळ्यापर्यंत गाडी नीट वळवायचीय, आणि सलग वळणांत लीव्हरचं तेल तापून सैल पडतं हा त्याचा मुद्दा मी खोडू शकत नाही. शेवटी असं ठरलंय की दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण गेला की आहे त्याच दुरुस्त लीव्हरवर, पंचवीसच्या हवेवर, नवीन टायरवर घाट चढायचा, जाताना तो चालवणार, येताना मी. तिथे मागचं टोक परत नाचलं तर मागच्या किटचे अर्धे पैसे मी देणार, नाही नाचलं तर त्याने किटचा विषय ग्रुपवर काढायचा नाही. तो म्हणाला नाचलं की नाही हे कोण ठरवणार? मी म्हटलं काकांना मधे बसवू. दोन सीटच्या गाडीत? बघू म्हटलं, आधी वडाळ्याहून कमानी तर येऊ देत.